झालं म्हणजे काय झालं?

माझी मावशी गाडी चालवते असं सांगितलं की लोक भुवया उंचावून विचारतात, "अरे वा, कुठली?" मग मी त्यांना खिडकीतून खाली उभी असलेली व्हॅन दाखवते आणि ते विषय बदलतात. व्हॅन एके काळी पांढरी होती. तिचं सरकतं दार फक्त आतून उघडतं, वायपर एकच चालतो आणि तोही त्याच्या मर्जीनं. बाजूला मोठ्या अक्षरांत "स्वच्छ धुलाई" असं रंगवलं होतं, त्यातलं "स्वच्छ" उन्हानं उडून गेलं आणि नुसती "धुलाई" उरली. मावशीचा स्वभाव बघता पाटी आता कुठे बरोबर झाली, असं तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं मत आहे. ते त्यांनी मला सांगितलंय, मावशीला नाही.

धंदा लॉन्ड्रीचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सलूनचे टॉवेल. काका धुतात, मी इस्त्री करून गठ्ठे बांधते आणि मावशी पोचवते. मावशी इतकी ठेंगणी आणि हाडकुळी आहे की सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला रस्ता दिसत नाही. एकदा ती उशी घरी विसरली होती, तर चौकातल्या हवालदारानं रिकामी गाडी चाललीय म्हणून जोरात शिट्टी मारली. मावशीनं थांबून त्याला असं काही सुनावलं की गाडी रिकामी असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं असणार.

काका त्याच्या बरोबर उलट. दारातून आत येताना आधी पोट येतं, मग काका. स्वभावानं मात्र अगदी मऊ. मशीनमध्ये चुकून एखादा रंगीत मोजा जाऊन अख्ख्या हॉटेलच्या चादरी गुलाबी झाल्या, तरी ते म्हणतात, "छान दिसतायत की." त्यांना गाडी येत नाही. शिकायला बसले होते, पण क्लच दाबताना दरवेळी क्लचला "सॉरी" म्हणत, म्हणून शिकवणाऱ्यानंच हात टेकले.

आता या दोघांच्या भाषेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. लॉन्ड्रीत मशीनचा असा गोंगाट असतो की लांबलचक वाक्य बोलणाऱ्याचा घसा बसतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं दोघं ओरडून बोलायची, मग कंटाळली. हळूहळू एकच शब्द उरला. काका दारातून विचारतात, "झालं?" मावशी म्हणते, "झालं." जेवण झालं, गठ्ठे मोजून झाले, डिझेल भरून झालं, शेजारणीशी भांडून झालं, सगळं त्यातच येतं. कशाबद्दल ते चेहऱ्यावरून समजून घ्यायचं. माझा मावसभाऊ जन्मला तेव्हाही काका प्रसूतिगृहाच्या दारातून डोकं आत घालून "झालं?" एवढंच म्हणाले होते, आणि आतून "झालं" असं उत्तर आलं होतं. त्या दिवशी दोघांच्या मनात एकच गोष्ट होती, हे नशीब.

दुसरी सांगायची गोष्ट म्हणजे चाक. व्हॅनचे टायर इतके म्हातारे की पंक्चर हा आमच्याकडे नित्यनेम आहे, आणि चाक बदलायचं काम दोघं मिळून करतात. काका जॅक लावतात. मावशी नवं चाक चढवून नट बोटांनी फिरवून बसवते, कारण तिची बोटं बारीक आहेत. मग काका जॅक खाली घेतात, पाना नटाला लावतात आणि त्या पान्याच्या दांड्यावर स्वतः चढून उड्या मारतात. मावशीनं सगळा जोर लावला तरी नट जेमतेम हलतो, काकांच्या एका उडीत तो जन्माचा घट्ट होतो. समोरचा शिंपी हा कार्यक्रम बघायला मशीन थांबवून दारात येतो. आम्ही त्याला काकांचा नाच म्हणतो.

आता माझा मावसभाऊ. मी त्याला जोखीमदादा म्हणते. तो विमा कंपनीत आहे. कोण कधी पडेल, काय कधी पेटेल आणि त्यातलं काय काय आपल्या गळ्यात पडू नये, याचा अंदाज बांधण्याचा त्याला पगार मिळतो. घरी आला की आधी गॅसची नळी बघतो, मग आईबापांकडे. माणूस वाईट नाही, पण त्याच्याबरोबर चहा प्यायला बसलं की आपण भाजणार याची आपल्यालाही खात्री वाटायला लागते.

तर मध्यंतरी मावशीनं एका हॉटेलच्या मागच्या फाटकाचा खांब पाडला. "खांबच पुढे आला होता," असं तिचं म्हणणं. दादाच्या कानावर ते गेलं आणि सुट्टीच्या दिवशी तो दत्त म्हणून हजर झाला.

"आई, आता गाडी बंद," तो म्हणाला. "पोचवायला माणूस ठेवू. तुझं वय बघ, चष्मा बघ."

"तू तुझं बघ," मावशी म्हणाली. "चाळिशी यायच्या आत केस गेले. त्याचा विमा काढला होतास का?"

इथवर ठीक होतं. दोघं असंच बोलतात. पण काका मध्येच म्हणाले, "तो म्हणतोय त्यात तथ्य आहे."

तथ्य! आयुष्यात कधी हा शब्द तोंडात आला नव्हता. एवढ्या वर्षांत माणूस पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला आणि ते हे. मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की मी हातातली कपबशी खाली ठेवली.

मग ती दादाला म्हणाली, आणि हे ती अगदी हळू म्हणाली, "घरात तुम्ही असता. दुकानात तुम्ही असता. गाडीत मी असते. ते काढून घेतलंस तर मी कुठे बसू ते सांग."

दादानं शेवटी तोड काढली. एक दिवस तो तिच्या शेजारी बसून सगळ्या फेऱ्या करणार. एक जरी गोष्ट चुकली तरी किल्ली त्याची. काही चुकलं नाही, तर तो या विषयावर पुन्हा ब्र काढणार नाही. मावशीनं होकार दिला, आणि काकांशी अबोला धरला. कामापुरता "झालं" तेवढा चालू ठेवला, बाकी भांडीच बोलायची.

ठरलेल्या दिवशी सकाळी पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं. दादा यायचा होता. मावशीनं नाक फुगवून स्टेपनी ओढली, काकांनी मुकाट्यानं जॅक लावला. मावशीनं नट बोटांनी फिरवले. काकांनी जॅक खाली घेतला, पाना हातात घेतला, आणि बायको उठून पदराला हात पुसतेय असं बघून त्यांना भरून आलं. त्या भांडणापासून तिच्या तोंडून नीट शब्द ऐकला नव्हता. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "झालं?"

त्यांना विचारायचं होतं, राग झाला का?

मावशीला वाटलं, नट फिरवून झाले का म्हणून विचारतायत. "झालं," ती म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

मी आत गठ्ठे बांधत होते. काका गुणगुणत आत आले. त्यांनी पाना सीटखाली टाकला होता, कारण बायकोनं माफ केल्यावर कुणाला पाना आठवतो? त्यांनी तिच्या आवडीचा, आलं ठेचून घातलेला चहा टाकला. मावशी हात धुऊन परतली, तर जॅक जागेवर, पाना जागेवर, नवरा चहा घेऊन उभा. नाच झाला असणार असं धरून तिनं चाकावर प्लॅस्टिकची झाकणी ठोकून बसवली. चहा प्यायली, पण काही बोलली नाही. शिंपी त्या दिवशी नेमका उशिरा आला. नाहीतर त्यानं तरी विचारलं असतं, आज कार्यक्रम नाही का?

दादा आला, आम्ही निघालो. पुढे मावशी उशीवर, शेजारी दादा, मागे गठ्ठ्यांवर मी. हॉटेलपर्यंत सगळं सुरळीत. मावशी इतकी शहाण्यासारखी चालवत होती की माझाच विश्वास बसेना. सिग्नल पिवळा झाला की थांबत होती. एरवी पिवळा म्हणजे घाई कर, असा तिचा समज आहे. हॉटेलच्या फाटकातून तिनं गाडी अशी अलगद आत घेतली की नव्या खांबानंही सुटकेचा निश्वास सोडला असेल.

हॉटेलवरून दवाखान्याकडे निघालो तेव्हा ते सुरू झालं. आधी बारीक टकटक. मग खालून घरघर. मी बसले होते तो टॉवेलांचा गठ्ठा माझ्यासकट डुलायला लागला.

"मावशी, काहीतरी वाजतंय," मी म्हणाले.

"तुझे दात वाजतायत," मावशी म्हणाली आणि रेडिओ लावला.

"रस्ता खराब केलाय मेल्यांनी," असंही ती पुढे म्हणाली. रस्ता नवाकोरा होता. डांबराचा वास अजून येत होता. तिच्या हातांच्या शिरा स्टिअरिंगवर टरारून आल्या होत्या आणि कोपरं थरथरत होती.

मी दादाकडे बघितलं. जो माणूस पंख्याच्या आवाजावरून तो कधी पडेल ते सांगतो, तो समोर बघत मिठाची गुळणी धरून बसला होता. एका हातानं त्यानं खिडकीवरची कडी घट्ट धरली होती. मला तेव्हा नवल वाटलं. नंतर कारण कळल्यावर नवल नाही, दुसरंच काहीतरी वाटलं.

पेट्रोल पंपाकडे जाणारा उतार लागला. पुढे बस होती म्हणून आमचा वेग कमी होता, तेवढंच बरं. डावीकडून एक चाक आमच्या पुढे निघालं. एकटंच, ताठ, ऐटीत.

"कुणाचं तरी चाक सुटलं बघ," मावशी म्हणाली. "काय एकेक लोक गाडी चालवतात!"

पुढच्या क्षणी आमचा डावा कोपरा दाणकन खाली बसला.

लोखंड रस्त्यावर असं किंचाळलं की रेडिओ ऐकू येईना. व्हॅन डावीकडे ओढली गेली. दवाखान्याच्या पडद्यांचा गठ्ठा सुटून माझ्या डोक्यावर आला, त्यामुळे पुढचं थोडं मला हिरवं दिसलं. पण मावशीनं ब्रेकवर उडी मारली नाही हे कळलं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं, गाडी घासत घासत फूटपाथच्या कडेला नेली आणि उभी केली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

मी पडद्यांतून तोंड बाहेर काढलं. चाक अजून चाललंच होतं. उताराच्या कडेला बुटक्या कठड्यावर एक माणूस पाय सोडून संत्रं सोलत बसला होता. चाक सरळ त्याच्याकडे गेलं. त्यानं पाय वर घेतले. चाक खालून गेलं. त्यानं पाय खाली सोडले आणि पुढची फोड सोलली. चाक पंपात शिरलं, हवा भरायच्या यंत्रापाशी गेलं, स्वतःभोवती गोल फिरलं आणि आडवं झालं.

कुणाला काही लागलं नव्हतं. मी आधी हसले. मग दार उघडायला गेले, तर कडी कुठे आहे तेच आठवेना. हे दार आतूनच उघडतं, तरीही.

दादानं फोन केला आणि काका आले. शिंप्याच्या स्कूटरवर मागे बसून, एका हातात थर्मास. त्यांचं वजन आणि तो उतार बघता तो प्रवास आमच्याहून धोक्याचा झाला असेल. उतरल्याबरोबर त्यांनी बायकोला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग मुलाला, मग मला, आणि मग त्या उघड्या पडलेल्या लोखंडाला. त्यांचा चेहरा पडला.

"बाबा, नट कुणी आवळले होते?" दादानं विचारलं.

"ती झालं म्हणाली," काका म्हणाले.

"मी बोटांनी फिरवून झालं म्हणाले!" मावशी कडाडली. "तुम्ही नाचला नाहीत?"

"मी ते नव्हतं विचारलं गं."

"मग काय विचारलंत?"

काकांनी थर्मास या हातातून त्या हातात घेतला. पंपावरचे दोघंतिघं जमले होते, शिंपी होता, सगळे कान टवकारून. "राग झाला का, असं विचारलं होतं," काका म्हणाले.

पंपावरचा हवा भरणारा पुढे झाला. "मग झाला होता का?" त्यानं मावशीला विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नव्हता," मावशी म्हणाली.

दादानं हात पुढे केला. "आई, किल्ली."

मला वाटलं, आता हा रस्ता दणाणणार. पण मावशीनं किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती त्या कठड्यावरच्या माणसाकडे बघत होती.

"नटांचं राहू दे," ती म्हणाली. "हॉटेलपासून स्टिअरिंग थरथरत होतं. मला कळलं होतं. थांबले असते तर तू जिंकला असतास, म्हणून रेडिओ लावला. त्या माणसानं पाय वर घेतले नसते तर..."

आम्ही सगळेच त्या माणसाकडे बघायला लागलो. त्याला वाटलं आम्हाला संत्रं हवंय, त्यानं एक फोड पुढे केली.

दादानं किल्ली मुठीत घेतली नव्हती. ती तशीच तळहातावर पडून होती. त्याचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता, आणि पांढरं म्हणजे काय ते मला कळतं.

"माझ्या पायाखालीही थरथरत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, अजून थोडं वाजू दे. मग तुला थांबावंच लागेल."

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? एकीला चाक सुटतंय हे कळतंय, दुसऱ्याला कळतंय, आणि दोघंही कोण हरतं याची वाट बघत बसलेत. आणि मागे मी! मला दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यावीशी वाटली. "एकाच कारखान्याचा माल आहात," मी ओरडले. "त्याचं संत्रं शेवटचं ठरलं असतं! माझी तर इस्त्रीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती!" शेवटचं वाक्य का आलं ते मला माहीत नाही. रडू आलं की माणूस काहीही बोलतं.

तेव्हा काका पुढे झाले. त्यांनी मुलाच्या तळहातावरची किल्ली उचलली आणि आपल्या खिशात टाकली. "तुम्हा दोघांनाही नको," ते म्हणाले. हे त्यांचं दुसरं पूर्ण वाक्य. यावेळी त्यात तथ्य होतं.

पंपावरच्या मेकॅनिकनं सगळं तपासलं, मोडलेले बोल्ट बदलले, चाक बसवलं, आणि "आवळतो" म्हणून पाना उचलला. काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. बूट काढले. दांड्यावर चढले. आणि नाचले. त्या चाकावर नाचले, मग मागच्या, मग पलीकडच्या दोन्ही. घामानं शर्ट भिजला, पोट उडत होतं, पंपावर रांग लागलेल्या गाड्यांतून लोक माना बाहेर काढून बघत होते. कुणी हसलं तर ते थांबले नाहीत. चारही चाकं झाल्यावर पाना टेकवून उभे राहिले आणि सवयीनं बायकोकडे वळले. तोंड उघडलं, आणि तो शब्द गिळला.

"नट घट्ट बसलेत का, बघतेस?" त्यांनी विचारलं.

मावशीनं वाकून एकेक नट हातानं चाचपला. "बसलेत."

काकांनी किल्ली तिच्यापुढे धरली. ती घेईना. तिनं दादाकडे बोट केलं. "त्याला सांगा."

"मला ही गाडी येत नाही, आई," दादा म्हणाला. "हिचा दुसरा गिअर कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही. चल ना."

तिनं किल्ली घेतली. आता ती किल्ली काकांच्याच खिशात असते. रोज सकाळी ते पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतात आणि मग देतात. दादानं त्यानंतर विषय काढलेला नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा काका माझ्याबरोबर मागे बसले, माझा टॉवेलांचा गठ्ठा त्यांच्याखाली चपटा झाला.

थोडं गेलो आणि मावशीनं गाडी कडेला घेतली. "काय झालं?" सगळ्यांनी एकदम विचारलं. "वाजल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. दादा उतरला, काका उतरले, चाक हलवून बघितलं. काही नव्हतं. पुन्हा निघालो. बाजारापाशी तिनं पुन्हा थांबवली. पुन्हा दोघं उतरले. पुन्हा काही नव्हतं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. दादानं खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायची खूण केली. एरवी मावशी आधी उतरून त्यांची धुलाई करून आली असती.

तिसऱ्यांदा तिनं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. घर समोर दिसत होतं. यावेळी कुणी उतरलं नाही, कारण यावेळी काही वाजलंच नव्हतं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, कपाळ त्यावर टेकलं होतं, आणि उशीसकट तिचे खांदे हलत होते. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो काढला नाही.

काका मागच्या गठ्ठ्यावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिले. मग ते सीटच्या फटीतून पुढे वाकले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"कशाचं विचारताय?" मावशी डोकं न उचलता म्हणाली. "नीट विचारा."

"रडून झालं?"

तिनं पदरानं नाक पुसलं, चष्मा चढवला आणि आरसा नीट केला.

"झालं," ती म्हणाली, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.